रोगजंतूंच्या वाटेचा शोधक

डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. तरीही रोगजंतू शरीरात आपले ठिकाण अचूक कसे गाठतात? या कोड्याच्या उकलीचा पाया एका वनस्पतिशास्त्रज्ञाने घातला. त्यांचे नाव विल्हेल्म फेफर.

जर्मनीतील ग्रेबेनस्टाइन येथे ९ मार्च १८४५ रोजी एका औषधविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गॉटिंगेन विद्यापीठातून १८६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परासरण दाबाच्या मोजमापामुळे १८७७ मध्ये त्यांची कीर्ती पसरली.

१८८० च्या दशकात त्यांनी केसासारख्या बारीक काचनळीत मांसाचा अर्क भरला आणि तिचे तोंड जिवाणूंनी भरलेल्या पाण्याच्या थेंबात बुडविले. काही वेळातच जिवाणू नळीच्या तोंडाशी गोळा होऊन आत शिरू लागले. आम्ल किंवा मद्यार्क असता मात्र ते दूर पळत. रसायनांच्या दिशेने होणारी ही हालचाल म्हणजेच रसायनानुचलन.

हीच नळी सुधारून १९६० च्या दशकात अमेरिकेत ज्युलियस अ‍ॅडलर यांनी जिवाणूंमध्ये रसायने ओळखणारी ग्राहके असल्याचे दाखवून दिले. जठरव्रणास कारणीभूत ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी याच जाणिवेच्या बळावर आम्लातून जठराच्या श्लेष्मल आवरणापर्यंत पोहोचतो. ही दिशा हरवलेल्या जिवाणूंना उंदरांच्या जठरात बस्तान बसविणे जड जाते, असे प्रयोगांत आढळले आहे.

फेफर यांनी १८८७ पासून लाइपझिग येथे अध्यापन केले. पहिल्या महायुद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे निधन झाले. रोगजंतूंची वाट अडविण्याचे आजचे संशोधन त्यांच्या त्या काचनळीचे ऋणी आहे.