टाळ-मृदंगातला ख्रिस्त

कोकणातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि स्वकीयांना मुकले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही टिळकांची कर्मभूमी. तेथील अमेरिकन मिशनमध्ये त्यांना एक गोष्ट सलत होती. मराठी ख्रिस्ती समाज प्रार्थनेत विलायती चालींवर गात होता आणि भोवतालच्या लोकांना परका होत होता. टिळकांनी त्याच्या हाती अभंग, भजन आणि कीर्तन दिले. धर्म बदलला तरी तुकोबा सोडावे लागत नाहीत, हे तेव्हा दोन्हीकडच्यांना पटवणे सोपे नव्हतेच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.