पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकर्त्या होत. रोजचे शास्त्रवाचन आणि प्रार्थना हा त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पाया होता. याच नित्यक्रमामुळे त्यांना पुण्यातील सुधारकांचा पाठिंबा गमवावा लागला.

बालपण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. आईने तीच विद्या मुलीला दिली. पहाटेच्या वेळी हे पाठांतर चाले. भागवतातील हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

बायबलशी परिचय

बंधूंच्या निधनानंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. सिल्चर येथील घरात, पतीच्या पुस्तकांत, त्यांना लूककृत शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत मिळाली. त्यांचे ख्रिस्ती धर्माविषयीचे औत्सुक्य पतीला रुचले नाही. १८८२ मध्ये मेधावी पटकीने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. पुण्यात त्यांनी मराठी नवा करार वाचला. काशीचे विद्वान व पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या विवेचनाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरानंतरही त्यांनी आपली विचारबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. शास्त्राचा अर्थ स्वतः वाचून ठरविण्याचा हक्क त्यांनी इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरुभगिनींपुढेही ठामपणे मांडला. त्यांचा शाकाहारही सुटला नाही. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताचा प्रत्यय त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे.

शारदा सदनातील वाद

अमेरिकेतील मित्रमंडळींच्या आर्थिक साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्यास हलविण्यात आली. सदनात धर्मोपदेश करावयाचा नाही आणि मुलींच्या आचारधर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असा संकेत होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह रोज बायबल वाचून प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. पालकांना हा विश्वासभंग वाटला; 'केसरी'ने कठोर टीका केली. इतर विद्यार्थिनींना स्वतःच्या देवपूजेची मोकळीक असताना आपण दार लावून प्रार्थना करावी, हे रमाबाईंना मान्य नव्हते. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. सदन मात्र चालू राहिले. त्यातील काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

मुक्ती मिशन

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे प्रार्थना आणि श्रम यांची सांगड होती. अक्षरओळख, शेती, विणकाम व छपाई शिकून मुली स्वावलंबी होत. १९०५ च्या आरंभी तेथे रोज सामूहिक प्रार्थना करणारे गट निर्माण झाले. त्याच वर्षी जूनअखेर झालेली धर्मजागृती ख्रिस्ती जगतात सर्वत्र चर्चिली गेली.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना उमगत नाही, असा रमाबाईंचा अनुभव होता. स्वतः संस्कृत पंडिता असूनही त्यांनी सोप्या मराठीची कास धरली. मूळ ग्रंथावरून भाषांतर करता यावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी ही कामे मुक्ती छापखान्यातील स्त्रियांनीच केली.

अखेरची वर्षे

२४ जुलै १९२१ रोजी संस्थेची उत्तराधिकारी मानली गेलेली मनोरमा निवर्तली. या आघातानंतर खालावलेल्या प्रकृतीतही रमाबाई बायबलची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे.