गणितानंद कापरेकर

अंकांचे वेड लहानपणी अनेकांना लागते. ते जन्मभर जपणारा मात्र विरळाच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे असे एक विरळ पुरुष होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील डहाणू येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षीच ते मातृसुखाला पारखे झाले. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेऊन पुढे ते देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

मुंबईहून सुमारे तीस मैलांवरील डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीस, त्यांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला. त्या स्थानकाचेच नाव त्यांनी त्याला दिले. या डेम्लो संख्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मोठी देखणी आहे. ती उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते. ११ ला ११ ने गुणले असता १२१ येतात; १११ ला १११ ने गुणले असता १२३२१ येतात. असे करीत नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, की ही संख्या हाती येते. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. म्हणून मधल्या घरात नऊ एक जमतात. दहावा एक वाढविला, की तेथे दहा होतात, हातचा घ्यावा लागतो आणि अंकांचा हा सुबक जिना मोडतो.

त्यांचा दुसरा शोध ६१७४ या संख्येचा. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. १९०५ घेतल्यास ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत गेल्यास सातव्या खेपेस ६१७४ येतात. सातांहून अधिक खेपा कोणत्याही संख्येस लागत नाहीत. आणि ६१७४ वर क्रिया केली तरी ६१७४ च उरतात! हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

अनेक विद्वानांना हे सारे क्षुल्लक वाटले. कापरेकर खचले नाहीत. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेतल्या. निवृत्तीनंतर शिकवण्या करून चरितार्थ चालवावा लागला, तरी अंकांची संगत सुटली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या संख्यांवर लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले.

१९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. तिचा शोध लावण्यास त्यांना कागद, पेन्सिल आणि न थकणारे मन एवढेच पुरले.