फ्लॉरेन्स लॉरेन्स

फ्लॉरेन्स लॉरेन्स (मूळ नाव : फ्लॉरेन्स ॲनी ब्रिजवुड, जन्म : २ जानेवारी १८८६, हॅमिल्टन, ऑन्टॅरिओ, कॅनडा, मृत्यू : २८ डिसेंबर १९३८, कॅलिफोर्निया, अमेरिका) या मूकपटांच्या काळातील कॅनेडियन-अमेरिकन अभिनेत्री होत्या. त्यांनी सुमारे ३०० चित्रपटांत काम केले. स्वतःच्या नावानिशी प्रेक्षकांपुढे आणल्या गेलेल्या पहिल्या चित्रपट-कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. मोटार वळण्यापूर्वी मागून येणाऱ्यास दिशा दाखविणारा यांत्रिक हात आणि थांबण्याची सूचना देणारी पाटी त्यांनी १९१४ च्या सुमारास तयार केली. त्यामुळे आजच्या मोटारीतील इंडिकेटर व ब्रेक-दिवा यांच्या इतिहासातही त्यांचे नाव घेतले जाते. काही ठिकाणी त्यांचे जन्मवर्ष १८९० असे दिलेले आढळते. त्यांच्या स्मृतिशिलेवरही तेच कोरलेले आहे.

बालपण

फ्लॉरेन्स यांचे वडील जॉर्ज ब्रिजवुड हे घोडागाड्या बांधणारे कारागीर होते. आई शार्लट या रंगभूमीवर लोटा लॉरेन्स या नावाने वावरत आणि स्वतःची फिरती नाटकमंडळी चालवीत. मुलीने पुढे आईचे हेच रंगभूमीवरील आडनाव घेतले. वडिलांचा व्यवसाय वाहनांचा व आईचा नाटकाचा. मुलीच्या आयुष्यात हे दोन्ही धागे पुढे दिसतात, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. फ्लॉरेन्स लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. १८९८ मध्ये कोळशाच्या वायूने गुदमरून वडिलांचा मृत्यू झाला. शीळ वाजविण्यात तरबेज असलेली ही मुलगी बालवयातच आईच्या मंडळीबरोबर रंगमंचावर उभी राहू लागली होती. नाटकमंडळीचे बिऱ्हाड कायम पाठीवर, त्यामुळे तिचे शिक्षण सलग असे झाले नाही. पुढे कुटुंब अमेरिकेतील बफेलो शहरी राहावयास गेले.

चित्रपटांतील प्रवेश

१९०६ च्या अखेरीस एडिसन यांच्या कंपनीने डॅनियल बून या सीमाप्रांतातील वीराच्या जीवनावर चित्रपट काढला, त्यात फ्लॉरेन्स यांना काम मिळाले. त्यांना घोड्यावर बसता येत होते, ही बाब निवडीच्या वेळी उपयोगी पडली. त्यानंतर त्या व्हायटाग्राफ कंपनीत गेल्या आणि १९०८ मध्ये बायोग्राफ कंपनीत दाखल झाल्या. तेथे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या हाताखाली त्यांनी अल्पावधीत अनेक लघुपट केले. त्यांत टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारलेला ‘रिझरेक्शन’ होता, तसेच जोन्स दांपत्याच्या विनोदी कथांची लोकप्रिय मालिकाही होती. अभिनेते व दिग्दर्शक हॅरी सॉल्टर यांच्याशी त्यांचा विवाह १९०८ मध्येच झाला.

त्या काळी चित्रपट एक-एक रिळाचे असत आणि नटनट्यांची नावे पडद्यावर देण्याची प्रथा नव्हती. नाव झाले की नट जास्त पैसे मागणार, ही निर्मात्यांची धास्ती यामागे होती. प्रेक्षक मात्र चेहरा ओळखू लागले होते. नाव ठाऊक नसल्याने ते फ्लॉरेन्स यांना ‘बायोग्राफ गर्ल’, म्हणजे बायोग्राफ कंपनीची मुलगी, म्हणत. कंपनीकडे त्यांच्या नावाची विचारणा करणारी पत्रे येत, पण उत्तर दिले जात नसे.

मृत्यूची अफवा आणि नावाची जाहिरात

कार्ल लेमली यांनी १९०९ मध्ये इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स ही कंपनी काढली आणि लॉरेन्स व सॉल्टर यांना आपल्याकडे घेतले. १९१० च्या प्रारंभी लॉरेन्स ट्रामच्या अपघातात ठार झाल्याची बातमी पसरली. मार्च १९१० मध्ये लेमली यांनी व्यवसाय-पत्रिकांत मोठी जाहिरात देऊन ही बातमी प्रतिस्पर्ध्यांनी पिकविलेली कंडी असल्याचे सांगितले, लॉरेन्स हयात असल्याचे नावानिशी जाहीर केले आणि त्यांच्या नव्या चित्रपटाची घोषणाही करून टाकली. अफवा मुळात लेमली यांनीच सोडली असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. अफवेचा सारा लाभ त्यांच्याच पदरात पडला. त्याच महिन्यात सेंट लुई येथे लॉरेन्स व सहनायक किंग बॅगट यांना प्रत्यक्ष लोकांसमोर उभे केले गेले आणि त्यांना पाहण्यास मोठी गर्दी लोटली.

लॉरेन्स यांना पहिली चित्रतारका म्हणण्याचा प्रघात या प्रसंगातून पडला. तो शब्दशः घेता येत नाही. फ्रान्सचे माक्स लँदेर आणि व्हायटाग्राफच्या फ्लॉरेन्स टर्नर याच सुमारास नावाने ओळखले जाऊ लागले होते. तरीही कलावंताच्या नावावर चित्रपट विकता येतो, हे या जाहिरातीने धंद्याला शिकविले. महाराष्ट्रातील घडामोडी शेजारी ठेवल्या तर काळाचा अंदाज येतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाला करावी लागली, कारण स्त्री कलावंत मिळेना.

१९११ मध्ये लॉरेन्स फिलाडेल्फियाच्या ल्युबिन कंपनीत गेल्या. १९१२ मध्ये लेमली यांच्या पाठबळाने त्यांनी व सॉल्टर यांनी व्हिक्टर ही स्वतःची चित्रसंस्था उभारली. ती पुढे युनिव्हर्सलमध्ये विलीन झाली. या काळात त्यांनी न्यू जर्सीतील वेस्टवुड येथे शेतजमीन घेतली व तेथे गुलाबांची बाग केली.

मोटार आणि दिशादर्शक हात

हातात पैसा आल्यावर लॉरेन्स यांनी मोटार घेतली. त्या ती स्वतः चालवीत आणि बिघाड झाल्यास स्वतः दुरुस्तही करीत. स्त्रीने मोटार हाकणे हेच तेव्हा नवलाचे होते. त्या काळी मोटारीला वेग आला होता, पण आपण कोणीकडे वळणार हे मागच्याला कळविण्याची सोय नव्हती. चालक हात बाहेर काढून खूण करीत. पाऊस, अंधार किंवा मागे भरलेले सामान असले की ती खूण दिसत नसे, आणि खूण करताना चाकावर एकच हात राही.

१९१४ च्या सुमारास लॉरेन्स यांनी यावर उपाय शोधला. मोटारीच्या मागील बाजूस एक आडवा हात बसविलेला असे. चालकाने बटण दाबले की तो विजेच्या साहाय्याने वर किंवा खाली होऊन वळण्याची दिशा दाखवी. दुसरे साधन थांबण्यासाठी होते. ब्रेकचा पायटा दाबताच मागे थांबण्याची सूचना लिहिलेली पाटी उभी राही. यात चालकाला निराळे काही करावे लागत नसे, ही कल्पना विशेष महत्त्वाची. आजचा ब्रेक-दिवाही त्याच तत्त्वावर, पायट्याच्या हालचालीने लागतो.

या साधनांचे पेटंट मात्र लॉरेन्स यांनी घेतले नाही. त्यामुळे मोटार कंपन्यांनी पुढे जी सुधारित साधने बसविली, त्यांतून त्यांना ना पैसा मिळाला ना श्रेय. आई शार्लट यांनी वेगळा मार्ग धरला. समोरची काच पुसणाऱ्या, विजेवर फिरणाऱ्या रुळांच्या साधनाचे पेटंट त्यांनी १९१७ मध्ये मिळविले आणि ब्रिजवुड यांच्या नावाची कंपनीही काढली. तिला बाजारात यश आले नाही.

लॉरेन्स यांना इंडिकेटरच्या एकमेव जनक ठरविणे योग्य नव्हे. पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांना हाताच्या आकाराच्या प्रकाशित दिशादर्शकाचे अमेरिकन पेटंट १९०९ मध्येच मिळाले होते. लॉरेन्स यांचे साधन हात वर-खाली करणारे होते. लुकलुकणारा दिवा त्यात नव्हता. समस्या नेमकी ओळखणे आणि सूचनेचे काम चालकाच्या हाताकडून काढून बटणाकडे व पायट्याकडे सोपविणे, हे त्यांचे खरे योगदान आहे.

पुढील वाटचाल : हातापासून बल्बपर्यंत

युरोपात दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळात मोटारीच्या बाजूने बाहेर येणारा, आत दिवा असलेला लहान हात प्रचलित झाला. ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांबरोबर तो भारतातही आला. अमेरिकेत १९३९ च्या ब्युइक मोटारींवर कारखान्यातूनच लुकलुकणारे दिशादर्शक दिवे बसवून येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्वत्र रूढ झाले आणि बाहेर येणारा हात हळूहळू नाहीसा झाला.

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या इतिहासाची खूण शिल्लक आहे. कलम १२१ नुसार वळण्याची किंवा थांबण्याची सूचना उजवीकडे सुकाणू असलेल्या वाहनात यांत्रिक अथवा विद्युत साधनाने देता येते. यांत्रिक साधन म्हणजे लॉरेन्स यांच्या हातासारखेच काही. ते आज कोणी वापरत नाही, पण शब्द कायद्यात आहे. हाताची खूणही संपलेली नाही. गोंदिया-तिरोडा मार्गावर धानाची पोती भरलेल्या ट्रकचा क्लीनर डावीकडून हात बाहेर काढून साइड देताना आजही दिसतो, आणि इंडिकेटरचा बल्ब उडालेल्या गाडीला तर तोच एक आधार असतो.

हा बल्ब बहुतेक गाड्यांत १२ व्होल्ट व २१ वॉटचा असतो. एक बल्ब उडाला की त्या बाजूचा विद्युतप्रवाह कमी होतो आणि इलेक्ट्रॉनिक रिले असलेल्या गाडीत उरलेला दिवा नेहमीपेक्षा फार जलद लुकलुकू लागतो. आत बसलेल्या चालकाला बिघाड कळावा म्हणून ही योजना आहे. ज्या गाड्यांत असा साधा बल्ब आहे, त्यांत तो घरी बदलता येतो. किल्ली बंद करून बॉनेटमधून किंवा डिकीतून दिव्याच्या मागे हात घालायचा, होल्डर डावीकडे थोडा फिरवून काढायचा, बल्ब आत दाबून फिरवीत सोडवायचा आणि नवा त्याच रीतीने बसवायचा. काही गाड्यांत हाताला जागा मिळावी म्हणून आधी दिव्याचा संच सोडवावा लागतो. पिवळी काच असेल तर आत पांढरा बल्ब व पांढरी काच असेल तर आत पिवळा बल्ब लागतो. पिवळ्या बल्बच्या बुडावरील दोन खिळ्या समोरासमोर नसून किंचित तिरप्या ठेवलेल्या असतात, म्हणून तो पांढऱ्या बल्बच्या होल्डरमध्ये बसत नाही. बल्ब जोर लावूनही बसत नसेल तर तो बहुधा चुकीच्या प्रकारचा असतो. बदलून झाल्यावर लुकलुकण्याची गती पूर्ववत झाली की काम बरोबर झाले असे समजावे.

अपघात आणि उत्तरायुष्य

१९१४ च्या सुमारास ‘पॉन्स ऑफ डेस्टिनी’ या चित्रपटातील आगीच्या दृश्यात लॉरेन्स भाजल्या, पडल्या आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. मोटारीच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या या स्त्रीला चित्रीकरणाच्या जागी मात्र कोणतेही संरक्षण नव्हते. १९१६ मध्ये त्यांनी ‘इल्युझिव्ह इझाबेल’मधून पुनरागमनाचा प्रयत्न केला, पण प्रकृतीने साथ दिली नाही. तोवर चित्रपट लांबीने मोठे झाले होते, नव्या तारका आल्या होत्या आणि प्रेक्षक त्यांना विसरू लागले होते.

सॉल्टर यांच्याशी त्यांचे संबंध आधीच बिघडले होते. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. १९२१ मध्ये लॉरेन्स यांनी मोटारविक्रेते चार्ल्स वुडरिंग यांच्याशी विवाह केला. दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये सौंदर्यप्रसाधनांचे दुकान चालविले. १९२९ मध्ये आई वारली, आणि त्याच वर्षीच्या शेअर बाजारातील पडझडीनंतर मंदी आली. वुडरिंग यांच्याशी घटस्फोट झाला. १९३३ मधील हेन्री बोल्टन यांच्याशी झालेला विवाह नवऱ्याच्या मारहाणीमुळे काही महिन्यांतच मोडला.

१९३६ पासून मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने जुन्या मूकपटांतील काही कलावंतांना आठवड्याच्या पगारावर किरकोळ कामे देण्यास सुरुवात केली. लॉरेन्स त्यांपैकी एक होत्या. या भूमिकांत बहुधा त्यांचे नाव पडद्यावर येत नसे. ज्या अनामिकतेतून त्या १९१० मध्ये बाहेर पडल्या होत्या, तीच पुन्हा त्यांच्या वाट्याला आली. त्यातच असाध्य दुखणे जडले. २८ डिसेंबर १९३८ रोजी त्यांनी विष घेतले आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन हॉलीवूडमधील दफनभूमीत झाले. कबरीवर नाव नव्हते.

त्यांचे बहुसंख्य चित्रपट आज उपलब्ध नाहीत. १९९१ मध्ये एका अभिनेत्याने आपले नाव प्रकट न करता त्यांच्या कबरीवर स्मृतिशिला बसविण्याचा खर्च केला. ते रॉडी मॅकडॉवेल होते, हे नंतर कळले. शिलेवर त्यांचा उल्लेख बायोग्राफ कंपनीची मुलगी आणि पहिली चित्रतारका असा आहे. मोटारीचा उल्लेख तीवर नाही.