नाते गावचे चिंतामणराव



महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना नाते हे गाव लागते. पाचाडच्या एस.टी.तून जाताना तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. याच गावी 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. त्यांचे बालपण बहुतांशी रोह्यास गेले.

त्यांच्या हुशारीच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. 1912 साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळाले आणि 1918 साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक आला. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि देशाच्या नोटांवर आपल्या महाड तालुक्यात जन्मलेल्या माणसाची सही आली.

परंतु पालकहो, हे पहिले क्रमांक मुलांच्या तोंडावर फेकू नका, अशी माझी विनंती आहे. एक तर त्यांचे वडील वकील होते, घरात विद्या होती. ते भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. दुसरे असे की, यश मिळत असताना प्रसन्न राहणे कोणालाही जमते. निकालाच्या दिवशी महाड-पोलादपुरात कितीतरी घरांत चूल पेटत नाही. त्या घरांनी चिंतामणरावांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहावा.

1950 साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात, 1955 मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. चिंतामणरावांना हे पटले नाही. जुलै 1956 मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. वय साठ, हाती असलेले देशातील एक सर्वोच्च पद गेलेले. दुसरा एखादा माणूस उरलेले आयुष्य कुढत, कोणी कसे वागविले याचा हिशेब मांडीत बसला असता. ते त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. मंत्रिपदाच्या मानाने हे काम लहान, गाजावाजा नसलेले. प्रयोगशाळा, ग्रंथालये, प्राध्यापकांचे पगार, तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असल्या विषयांचे. त्यांनी ते मन लावून केले. 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपदही सांभाळले. आज कॉलेजात पदवीसाठी शिकणारी आपली मुलेमुली त्या कामाचे फळ थोडेफार चाखीत आहेत. मला तर त्यांच्या नोटेवरील सहीपेक्षा हे काम मोठे वाटते.

त्यांच्या घरातील गोष्टही मुलींनी ऐकावी अशी आहे. पहिल्या पत्नी रोझिना 1949 मध्ये वारल्या. 1953 साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाईंचे लग्न आठव्या वर्षीच लावले गेले होते. ते नाते मोडून त्यांनी उशिरा शाळेची परीक्षा दिली, त्या वकील झाल्या आणि संविधान सभेत बसल्या. उशीर झाला म्हणून वाट संपली असे या घरात कोणी मानले नाही.

1969 साली चिंतामणराव राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि चिंतामणराव तिसरे आले. आयुष्यभर पहिला आलेला माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी साऱ्या देशासमोर तिसरा! हार ही हारच असते. ती झालीच नाही असे भासविण्यास मी सकारात्मक वृत्ती म्हणत नाही. जुलै 2021 मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, मुलांची दप्तरे चिखलात गेली, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत दरडींखाली माणसे गेली. ज्यांचे गेले त्यांना हसत राहा असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण चिखल उपसून कोरडी वही शोधणारे मूलही आपण त्याच दिवसांत पाहिले. चिंतामणरावांची जात तीच. हरल्यावर ते लिहीत-वाचीत राहिले. संस्कृत त्यांनी कधी सोडले नव्हते आणि मेघदूत तर त्यांनी पूर्वीच मराठीत आणले होते. 1974 मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. 1975 मध्ये पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले.

9 मे 1981 रोजी दुर्गाबाई गेल्या. 2 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, नात्यापासून फार दूर हैदराबादेत चिंतामणरावांनी डोळे मिटले. पुढच्या वेळी रायगडावर सहल जाईल तेव्हा गुरुजींना सांगून एस.टी. नात्याला पाच मिनिटे थांबवा आणि मुलांना ते गाव दाखवा.