दोन जागांचा नकार

१९१७ मध्ये मिसिसिपीतील बटाईदार कुटुंबात विसावे अपत्य म्हणून जन्मलेल्या फॅनी लू हेमर सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. ऑगस्ट १९६२ मध्ये १७ सोबत्यांसह त्या मतदार नोंदणीसाठी गेल्या आणि त्याच दिवशी मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. पुढल्या वर्षी विनोनाच्या तुरुंगातील मारहाणीने त्या कायमच्या अधू झाल्या.

खरा राजकीय पेच १९६४ चा. राज्यातील गोऱ्यांच्या अधिकृत शिष्टमंडळाला आव्हान देत मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी अ‍ॅटलांटिक सिटीच्या पक्ष अधिवेशनात दाखल झाली. हेमर यांची साक्ष दूरचित्रवाणीवर सुरू असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे स्वतःकडे वळवले. रात्रीच्या बातम्यांत साक्ष दिसलीच. मग तडजोड पुढे आली: दोन जागा, त्यांवर कोण बसणार, हेही श्रेष्ठींनीच ठरवलेले. (दिल्लीकरांना ही रीत परिचयाची वाटावी.) चळवळीतील अनेक मातब्बर स्वीकाराच्या बाजूने होते. हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्या रीतसर प्रतिनिधी होत्या.

१९६५ च्या कायद्याने मताधिकाराला संरक्षण मिळाले, पण मजुरी मळेवाल्याच्याच हाती राहिली आणि यंत्रांमुळे तीही आटू लागली. म्हणून १९६९ मध्ये हेमर यांनी ४० एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभारली. जोडीला डुकरांची बँक होती: कुटुंबाने मादी न्यायची, तिच्या पिलांतून काही परत करायची. पूर, अवर्षण आणि कर्ज यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यास ही शेती बुडाली. १४ मार्च १९७७ रोजी हेमर यांचे निधन झाले.