व्यापाऱ्याचा झाला सेवक : वसईपुत्र संत गोन्सालो गार्सिया



संत गोन्सालो गार्सिया हे नाव आपल्यापैकी कोणाला नवे नाही. गास गावातील चर्च त्यांच्या नावाने आहे, वसईतील महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे, आपल्या कित्येक घरांतील मुलांना त्यांचे नाव दिलेले आहे. जपानमध्ये क्रूसावर मरण पत्करलेला वसईचा संत, एवढे तर धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलसुद्धा सांगते. पण हा संत त्याआधी एक यशस्वी व्यापारी होता, हातात पैसा आणि बाजारात पत असताना त्याने ते सारे बाजूला ठेवले, ही गोष्ट आपण क्वचितच लक्षात घेतो. आजच्या आपल्या जीवनाला त्यांच्या चरित्रातील हाच भाग अधिक जवळचा आहे.

किल्ल्यातील बालपण

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने तह करून वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढच्या काही वर्षांत वसईचा किल्ला हे एक भरभराटीचे शहर झाले. तटबंदीच्या आत मोठमोठी घरे, चर्चेस आणि मठ उभे राहिले. बंदरात जहाजे ये-जा करीत होती. अशा या वसईत १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच, आपल्या मातीतली. पोर्तुगीज अमलात माणसाची किंमत त्याच्या कुळावरून आणि रक्तावरून ठरत असे. अशा मिश्र घरात जन्मलेल्या मुलाला आपली पायरी कोणती, हे लहानपणीच कळून येत असणार.

गोन्सालोचे शिक्षण किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे झाले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचे या मुलाकडे विशेष लक्ष होते. ख्रिस्ती शिकवण, प्रार्थना आणि सेवेची सवय त्याला तेथेच लागली. संत फ्रान्सिस झेवियर यांनी वसईला भेटी दिल्या होत्या आणि १५४९ साली जपानमध्ये सुवार्ताकार्य सुरू केले होते. १५५२ साली त्यांचे निधन झाले, तरी त्यांनी पेटवलेली ज्योत विझली नव्हती. येशूसंघीय धर्मगुरू जपानला जात होते. पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो त्यांच्याबरोबर जहाजात चढला आणि वसईचा किनारा मागे पडला.

बंद राहिलेले दार

जपानमध्ये त्याने तेथली भाषा मनापासून शिकून घेतली. परकी भाषा कामापुरती बोलणे निराळे आणि त्या भाषेत लोकांच्या मनापर्यंत पोहोचणे निराळे. गोन्सालोला हे दुसरे साधले. धर्मशिक्षक म्हणून तो गावोगाव धर्मगुरूंना मदत करू लागला. लोकांत तो प्रिय झाला. त्याच्या मनात एकच इच्छा होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. ही इच्छा त्याने वरिष्ठांना कळवली. परंतु वर्षे गेली, तरी त्याला प्रवेश मिळाला नाही.

आपण क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहू या. घरदार सोडले, समुद्र ओलांडला, ऐन तारुण्याची वर्षे दिली आणि ज्या दारावर टकटक करीत होतो, ते उघडलेच नाही. अशा वेळी माणूस कडवट होतो. चर्चवर रुसतो, धर्मगुरूंवर रुसतो, कधीकधी देवावरही रुसतो. आपल्या धर्मग्रामातही एखादे पद मिळाले नाही किंवा समितीत नाव आले नाही, म्हणून मिस्सेला येणे बंद केलेली माणसे आपण पाहिली आहेत. गोन्सालो येशूसंघीयांपासून दूर झाला, पण श्रद्धेपासून दूर झाला नाही.

पैसा आला, पण

पोटापाण्यासाठी त्याने व्यापार सुरू केला. जपानी भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, बंदरे माहीत होती. धंद्यात त्याचा जम बसला. पूर्वेकडील निरनिराळ्या बंदरांत त्याचा व्यवहार पसरला आणि वसईच्या किल्ल्यातून निघालेला हा तरुण सधन व्यापारी झाला. जगाच्या हिशेबाने पाहिले तर येथे त्याची गोष्ट सुखाने संपायला हवी होती. ज्याला नाकारले गेले, त्याने स्वतःच्या हिमतीवर नाव कमावले, यापेक्षा अधिक काय हवे?

पण गोन्सालोचे मन तेथे रमले नाही. देवाने ज्या कामासाठी बोलावले आहे, ते हे नव्हे, ही जाणीव त्याला सोडीत नव्हती. म्हणून त्याने व्यापार सोडला आणि तो फिलिपाइन्समधील मनिला शहरी गेला. तेथे फ्रान्सिस्कन मठवासीयांशी त्याची ओळख झाली. हे मठवासी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणारे, अनवाणी राहणारे, भिक्षेवर जगणारे. श्रीमंत व्यापाऱ्याने त्यांचा जाडाभरडा झगा अंगावर चढवला आणि कमरेला गाठींची दोरी बांधली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते धर्मगुरू झाले नाहीत. ते केवळ धर्मबंधू, ब्रदर झाले. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार धर्मबंधूला नसतो. मठातील स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा अशी कामे त्याच्या वाट्याला येतात. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर माल हलत होता, ते आज दुसऱ्याच्या आज्ञेत राहू लागले. आणि मरेपर्यंत ते धर्मबंधूच राहिले.

सम्राटासारखा सत्ताधीश आणि अनवाणी दुभाषी

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून पाठवले. त्यांना जपानी भाषा जाणणारा माणूस हवा होता. ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर गेले. वर्षानुवर्षे घेतलेले कष्ट वाया गेले, असे ज्यांबद्दल वाटले असेल, तेच कष्ट देवाने योग्य वेळी उपयोगात आणले.

हिदेयोशी कोण होता, हे समजून घेतले पाहिजे. तो एका गरीब घरात जन्मला होता. शौर्य आणि चातुर्य यांच्या बळावर तो पायरी पायरीने चढत साऱ्या जपानचा धनी झाला. तरीही त्याचे समाधान झाले नाही. १५९२ साली त्याने कोरियावर स्वारी केली, कारण त्याला चीनही जिंकायचा होता. या सत्ताधीशासमोर गोन्सालो उभे राहिले. एक जण गरिबीतून निघून वर वर चढत गेला होता, दुसरा श्रीमंती सोडून आपणहून खाली उतरला होता. त्या दरबारात कोणाला विचारले असते, तर सर्वांनी हिदेयोशीलाच भाग्यवान म्हटले असते.

हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी दिली. त्यांनी क्योतो शहरात चर्च आणि मठ उभारला व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले होते, अशा रोग्यांच्या जखमा तेथे धुतल्या जात. ब्रदर गोन्सालो आपल्या जपानी भाषेमुळे या सर्व कार्यात मोठा आधार होते.

एका जहाजातील माल

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यात मौल्यवान माल भरलेला होता. हिदेयोशीने तो जप्त केला. वाद वाढला. मिशनरी येतात आणि त्यांच्यामागून स्पेनच्या राजाचे सैन्य येते, असा संशय त्याच्या मनात पक्का झाला. राग निघाला तो धर्मसेवकांवर. पहा, दैव कसे! ज्या गोन्सालोंनी मालाचा आणि जहाजांचा मोह केव्हाच सोडला होता, त्यांच्यावर संकट आले ते दुसऱ्यांच्या जहाजातील मालावरून.

डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या मठावर पहारा बसला. जानेवारी १५९७ च्या सुरुवातीला चोवीस जणांच्या डाव्या कानाचा काही भाग कापण्यात आला आणि त्यांची गाड्यांतून धिंड काढली गेली. मग भर हिवाळ्यात त्यांना क्योतोकडून नागासाकीकडे नेण्यात आले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबईहून नागपूर. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. वाटेत त्यांची सेवा करण्यासाठी बरोबर चालणारे दोन ख्रिस्ती जपानीही पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली.

या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, संत पॉल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय होते आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. श्रद्धा सोडशील तर जीव वाचेल, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. परंपरा सांगते की ब्रदर गोन्सालो स्वतः पुढे झाले आणि त्यांना सर्वांआधी क्रूसावर चढवण्यात आले. प्रत्येकाला क्रूसाशी जखडून दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते. धर्मगुरू आणि धर्मबंधू, परदेशी आणि जपानी, जाणते आणि बालक असा कोणताच भेद त्या टेकडीवर उरला नाही.

शेवटी काय उरले?

दीड-पावणेदोन वर्षांत, १५९८ साली हिदेयोशी मरण पावला. कोरियाची मोहीम निष्फळ ठरून सैन्य माघारी आले. १६१५ साली त्याच्या मुलाचा अंत झाला आणि त्याचे घराणे बुडाले. वसईचा वैभवशाली किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकला. आज त्या मोठमोठ्या वाड्यांच्या भिंतींवर झाडे उगवली आहेत.

आणि गोन्सालो? १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना धन्यवादित घोषित केले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत ठरले. त्या सोहळ्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. वसईच्या मुलाची मूर्ती तेथे आजही नागासाकीवासीयांना पाहायला मिळते.

आपण सातिवलीकर

आपल्या सातिवलीचे चित्र आपल्यासमोर आहे. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि मध्ये कारखान्यांचे गाळे. कोणी मालक आहे, कोणी कामगार, कोणी घराचा हप्ता फेडता फेडता थकला आहे. व्यापार करणे पाप आहे, असे संत गोन्सालो आपल्याला शिकवत नाहीत. त्यांनीही तो केला. आपण पैशाचे धनी आहोत की पैसा आपला धनी आहे, एवढेच ते विचारतात. सोडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांची मूठ उघडली. आपली उघडेल का?

वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकला गेला आणि भावाभावांत बोलणे बंद झाले, अशी घरे आपल्या वसईत थोडी नाहीत. शेजाऱ्यापेक्षा मोठा मंडप हवा म्हणून कर्ज काढून लग्न करायचे आणि मग पाच वर्षे व्याज भरायचे, हेही आपण पाहतो. ज्याला मालक रविवारी सुट्टीच देत नाही, त्याची अडचण देव जाणतो. पण ज्याच्या स्वतःच्या हातात कुलूप आहे, त्याने रविवारी सकाळचा एक तास गाळा बंद ठेवला, तर धंदा बुडणार नाही. अबोला धरलेल्या भावाकडे या आठवड्यात एकदा जाऊन बसणे, हीसुद्धा खाली उतरण्याचीच पायरी आहे. आणि चर्चमध्ये कोणाला नको असलेले काम, सतरंज्या घालण्याचे, झाडण्याचे, आजाऱ्याच्या घरी जाण्याचे, आपणहून मागून घेणे, हा ब्रदर गोन्सालोंचा खरा सण आहे.

चला, आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू, तू आमच्या मातीतून गोन्सालोला निवडलेस. दार बंद झाले तेव्हा त्याला धीर दिलास, हाती संपत्ती आली तेव्हा त्याला सावध ठेवलेस आणि क्रूसापुढे त्याला निर्भय केलेस. आमच्याही मनातील हाव आणि मोठेपणाची हौस दूर कर. तू दाखवशील त्या जागी, तू देशील ते काम, आम्ही नम्रपणे करावे अशी कृपा कर. आमेन.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.